एकतीस खलनायकांची मावशी

माझी मावशी गुप्तहेर कधीच होऊ शकली नसती. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड. लहानपणी ताप आला आणि जाताना त्या पायातलं बळ घेऊन गेला. तेव्हापासून तिचं चालणं म्हणजे एक पाऊल जड, एक हलकं, आणि मध्ये चप्पल घासल्याचा आवाज. ती जिन्यात शिरली की अख्ख्या बिल्डिंगला कळायचं. माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, म्हणायची, हिच्या हातून ना चोरी व्हायची, ना पळून जाऊन लग्न व्हायचं, हिला गळ्यात घंटा बांधूनच पाठवलंय. यावर सगळ्यांत मोठ्याने मावशीच हसायची.

आणि गंमत बघा, याच बाईने चौतीस वर्षं गुप्तहेरांना चालवलं.

नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही काहीतरी फेकतेय. सिनेमाचं शूटिंग होतं तेव्हा आजूबाजूला जनरेटर, गाड्या, माणसांची बडबड, सगळा गोंधळ असतो. नटाचं बोलणं कसंबसं मिळतं, पावलं मिळत नाहीत. म्हणून पडद्यावरच्या माणसांची पावलं, कपड्यांची सळसळ, कडीकोयंडे, किल्ल्या, सगळं नंतर स्टुडिओत नव्याने करतात. या कामाला फोली म्हणतात. आमच्या स्टुडिओत काचेच्या अलीकडे मी, आवाज रेकॉर्ड करणारी. पलीकडे मावशी. तिच्यासमोर पडदा, आणि पायाखाली जमिनीचे चौकोन, एक फरशीचा, एक लाकडाचा, एक खडीचा, एक पत्र्याचा. भिंतीला लागून बुटांची खोकी, त्यांवर तिच्याच अक्षरात चिठ्ठ्या: ‘साहेब’, ‘पोलीस’, ‘गरीब’, ‘उंच टाच’, ‘फारच उंच टाच’, ‘हिरो’. पडद्यावरचा माणूस चालला की मावशी चालते, आणि थेटरात बसलेल्याला वाटतं तोच चालतोय. तसं वाटलं नाही तर आमचं काम वाया गेलं.

आता तुम्ही विचाराल, एक पाय आखूड असलेली बाई त्या ताठ, उंचापुऱ्या हिरोला कसं चालवते? हातांनी. हिरोचे दहा नंबरचे बूट ती हातांत घालते, बुटक्या स्टुलावर बसते, कोपरं गुडघ्यांवर टेकवते आणि टक, टक, टक, टक. तुम्ही गच्चीवरून गच्चीवर उड्या मारणारा जो कोणी देखणा हेर पाहिला असेल ना, तो माझ्या मावशीने एक फूट उंच स्टुलावर बसून पळवलाय. पाठलाग लांबला की संध्याकाळी मनगटांना मलम चोळत बसायची आणि म्हणायची, आज फार पळाले गं.

पण तिचा या धंद्यात शिरकाव झाला तो हातांनी नाही, पायांनीच. त्या वेळी ती सिनेमाचे कपडे दुरुस्त करायची. एका हेरपटात खलनायक लंगडा होता आणि तेव्हाचा फोलीवाला लंगडण्याचं नाटक करून करून घामाघूम झाला होता. खोटं लंगडणं डोळ्याला फसवेल, कानाला नाही फसवत. तेवढ्यात मावशी शिवलेला कोट घेऊन बाहेरच्या बोळातून आली. आतल्या रेकॉर्डिस्टने कान टवकारले, दार उघडलं आणि म्हणाला, बाई, कोट राहू द्या, इकडे या. तेव्हापासून ती तिथेच. पुढे बाकीच्यांचं चालणं शिकली, पण तिचं स्वतःचं पाऊल लागलं ते फक्त खलनायकांना. एकतीस लंगडे खलनायक तिने केले. बहुतेकांना शेवटी गोळी लागली, दोघे इमारतीवरून पडले, एक मगरीने खाल्ला.

या सिनेमांचा कायदा तिला तोंडपाठ होता. दोन्ही पाय सारखे, नाक सरळ, रंग उजळ, म्हणजे आपल्या बाजूचा. पाय आखूड, डोळा काचेचा, गालावर वण, रंग काळा, बोलण्याची धाटणी जरा वेगळी, यातलं काही एक असलं की समजावं, हा बॉम्ब लावणार. आणि बाई असेल तर उंच टाचेची, आणि उंच टाच फार तर पाऊण सिनेमा टिकते. हे सगळं ती बोटांवर मोजत सांगायची आणि मला हसू आवरायचं नाही.

पण मला रागही यायचा. मी तापट आहे, आधीच सांगून ठेवते. एकदा मी तिला विचारलं, तुला काहीच कसं वाटत नाही गं? दर वेळी तुझंच पाऊल त्या नतद्रष्टाला. ती बुटांना पॉलिश करत होती. मान वर न करता म्हणाली, “खलनायक लंगडा आहे म्हणून मला काम तरी आहे. नाहीतर आमच्यासारख्यांना सिनेमात घेतं कोण?”

वाटायचं तिलाही. ते मला कळलं ते माझ्या लेकीमुळे.

लेक तेव्हा सहा वर्षांची. रविवारी दुपारी टीव्हीवर मावशीचाच एक सिनेमा लागला होता, काळोख्या गोदामात तो लंगडा येतो तो. सिनेमा संपून तासही झाला नसेल, आणि आमच्या जिन्यात पावलं वाजली. एक जड, एक हलकं, आणि घासल्याचा आवाज. लेक पलंगाखाली शिरली आणि तो माणूस आला, तो माणूस आला म्हणून अशी किंचाळली की शेजारी धावले. मावशी दारात उभी, हातात फळांची पिशवी. मी लेकीवर ओरडले, तिला ओढून बाहेर काढायला लागले. मावशी म्हणाली, ओढू नकोस तिला. पिशवी दाराशी ठेवली आणि तशीच परत गेली. तीन मजले ती उतरताना मी ऐकत होते. इतकं हळू ती कधी चालली नव्हती.

पुढच्या रविवारी आली ती नवे बूट घालून. मोचीकडून करून घेतलेले, डाव्याचा तळ दोन बोटं जाड, दोन्हीला खाली रबर. पावलं एकसारखी, थप, थप. लेक पळत जाऊन तिच्या कमरेला बिलगली. झालं, तेव्हापासून चौदा वर्षं मावशी आमच्याकडे त्याच बुटात. स्टुडिओत, बाजारात, स्वतःच्या घरी साधी चप्पल. आमच्या बिल्डिंगशी आली की खालच्या पायरीवर बसायची, पिशवीतून बूट काढायची, चढवायची आणि मग वर यायची. त्या बुटाने तिची कंबर दुखायची, टाचेला कायमचा घट्टा पडला. मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसले. आधी बरं वाटलं म्हणून, मग सवय झाली म्हणून. याची मला आजही लाज वाटते. लेक मोठी झाली, मावशीआजी मावशीआजी करून तिच्या गळ्यात पडायची. मावशी दाराशी पोचायच्या आत चहाचं आधण चढलेलं असायचं. मला वाटायचं, पोरगी घड्याळाची पक्की आहे.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी मावशीचा उजवा गुडघा पाहिला आणि सांगितलं, उभं राहून करायची कामं बंद. आयुष्यभर एकट्याने ओझं वाहिलं त्याने, झिजणारच. मावशी म्हणाली, हातातला एक सिनेमा करते आणि थांबते.

हातातला सिनेमा हेरपटच होता, पण त्यातली हेर होती पन्नाशीची बाई. सरकारी दप्तरखान्यातली कारकून, एका पायाने अधू. सगळे तिची कीव करतात, कोणी तिच्याकडे धड बघतसुद्धा नाही, आणि ती सगळ्यांच्या नाकाखालून कागद बाहेर काढते. नटीही खरोखर तशीच चालणारी, नाटकातली. दिग्दर्शिका तिशीतली मुलगी. तिने सगळं समजावून सांगितलं आणि मावशीने दोनच प्रश्न विचारले. पहिला, “ही आपल्या बाजूचीच ना? शेवटी फितूर नाही ना निघत?” मुलगी नाही म्हणाली. दुसरा, “मरते का?” मुलगी म्हणाली, नाही मावशी, पेन्शन घेते. मावशी तोंड धुवायला म्हणून उठली ती दहा मिनिटं आलीच नाही.

मग नऊ दिवस ती उभी राहून चालली. हातांत बूट नाहीत, स्टूल नाही, स्वतःची घासलेली चप्पल. एवढी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती. मला काचेतून म्हणायची, नीट घे गं, ही मी आहे. तिला आयुष्यात एकदा, जाता जाता, आपलं पाऊल चांगल्या माणसाच्या पायात ऐकायचं होतं. बाकी काही नको होतं.

सिनेमा जोडून झाला आणि निर्मात्याने चाळीस अनोळखी माणसांना बोलावून एका दुपारी दाखवला. सुरुवातच अशी, काळोखा जिना, चेहरा दिसत नाही, फक्त पावलं येतात. वर पोचल्यावर दिवा लागतो आणि बाई दिसते. आम्ही मागच्या रांगेत होतो. पावलं सुरू झाली आणि पुढच्या बाईने शेजारणीचा दंड घट्ट धरला. कोणीतरी हळूच म्हणालं, आला. नंतर त्यांच्याकडून काय वाटलं त्याचे कागद भरून घेतले. चाळीसातल्या सव्वीस जणांनी लिहिलं होतं, खलनायक येतोय असं वाटलं. आणि बरेच जण अर्धा सिनेमा वाट बघत होते, ही बाई आता दगा देईल, मग दगा देईल.

निर्माता वाईट माणूस नाही, पण त्याला तिकिटं खपवायची असतात. तो म्हणाला, पहिल्या प्रसंगात सरळ पावलं टाका, पाय नंतर कळू दे. मावशी हातांनी करतील, अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, पाय नंतर, म्हणजे पाहुणे गेल्यावर दाखवायची वस्तू आहे का ती? दिग्दर्शिका नखं खात बसली आणि म्हणाली, लोक पहिल्या मिनिटालाच तुटले तर पुढचं सगळंच जाईल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आणखी तोंड उघडणार तोच मावशीने माझ्या मांडीवर हात ठेवला. तिने फक्त किती वेळ आहे ते विचारलं. परवा सकाळपर्यंत. ती बरं म्हणाली.

रस्त्यात मी तिच्याशी भांडले. नाही म्हणायला काय झालं होतं तुला, जीभ झडली असती का? ती म्हणाली, “त्या लोकांचं काय चुकलं? त्यांना शिकवलं कोणी? चौतीस वर्षं मीच घाबरवलं त्यांना. मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतलाय, आता एका दुपारीत त्यांनी कौतुक करावं म्हणायचं होय?” बोलायला हसून बोलली, पण डोळे भरले होते. मी तिला ओढत माझ्या घरी आणलं. खाली पायरीवर बसली, पिशवीतून बूट काढले, चढवले. त्या दिवशी सिनेमा दाखवणार म्हणून तिने हौसेने नवी पिशवी घेतली होती, तीही जिन्याला शिव्या देत वर नेली.

आम्ही पोचलो तेव्हा दार उघडं होतं आणि लेक चहा गाळत होती. मी भडाभडा सगळं सांगितलं. सांगता सांगता ते पलंगाखालचंही बोलून गेले, जे चौदा वर्षं या घरात कोणी काढलं नव्हतं. लेक गाळणं हातात धरून मावशीच्या पायांकडे बघत राहिली.

“हे बूट गुडघ्यासाठी नाहीत?” तिने विचारलं.

मावशी म्हणाली, तू घाबरायचीस गं.

“मी सहा वर्षांची होते, मावशीआजी. मला तर आठवतही नाही.” लेकीचा आवाज चिरकला. “आणि बूट घालून तू कोणापासून लपत होतीस? तू खालून निघालीस की मला कळतं. पहिल्या मजल्यावर तू पिशवी या हातातून त्या हातात घेतेस. किल्ल्या वाजतात. दुसऱ्या मजल्यावर थांबून हुश्श करतेस. शेवटच्या चार पायऱ्यांना म्हणतेस, काय मेले जिने बांधलेत. चहा काय मी घड्याळ बघून टाकते?”

मावशीने बशीत चहा ओतला, तो तसाच थंड झाला. मी पहिल्यांदाच तिला रडताना पाहिलं, अगदी पोरीसारखं नाक ओढत. लेकीने खाली बसून तिच्या पायातले बूट काढले. टाचेचा घट्टा पाहिला आणि तीही रडली. मी एकटी उभी होते, मग मीही बसले.

थोड्या वेळाने मावशी नाक पुसत म्हणाली, “आपण तिला रिकाम्या हाताने चालवलं.”

मला कळेना. ती म्हणाली, “खलनायकाच्या हातात कधी पिशवी बघितलीस? तो कधी दमतो? मला चौतीस वर्षांत सवय लागली, लंगडं पाऊल आलं की बाकी सगळं गप्प. नुसतं पाऊल आणि घुमणारा जिना. कामावरून घरी येणारी बाई अशी येते होय?”

खरंच होतं ते. आणि मीही हातभार लावला होता. सवयीने, कोणी न सांगता, मी त्या पावलांना गोदामातल्या खलनायकाला देतो तसा घुमारा दिला होता. दिवा लागल्यावर पडद्यावर त्या बाईच्या हातात पिशवी स्पष्ट दिसते. पिशवीत डबा आहे, बोटात किल्ल्या आहेत. नऊ दिवसांत आम्हा दोघींना त्यांचा आवाज करायचं सुचलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत मी घुमारा काढून टाकला. मावशीने पिशवीत रिकामा डबा टाकला, आत एक चमचा, वर चार कांदे. किल्ल्या करंगळीत अडकवल्या. पाऊल तेच, एका केसाचाही फरक नाही. एक जड, एक हलकं, चप्पल घासली. डबा खुळखुळला. पिशवी या हातातून त्या हातात. थांबली. हुश्श. परत निघाली आणि शेवटच्या पायऱ्यांशी काहीतरी पुटपुटली. दोनदा केलं. तिसऱ्यांदा गुडघा वळेना, तेव्हा ती तिथेच लाकडाच्या चौकोनावर बसली आणि काचेतून मला म्हणाली, झालं माझं. मी बटण बंद केलं.

त्याच दुपारी दुसरे चाळीसजण बोलावले. कागदांचं आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्ही ताटकळणार नाही. या वेळी खलनायक लिहिणारे पाच निघाले. बाकीच्यांनी लिहिलं होतं, घरचं कोणीतरी, शेजारीण, आई. एकाने लिहिलं, आमची बायको कामावरून येते तशी. निर्मात्याने कागद दोनदा चाळले आणि म्हणाला, राहू द्या, आहे तसंच राहू द्या. मावशीला त्या पाचांचंच जास्त कौतुक. म्हणाली, असू देत, एवढी वर्षं मन लावून घाबरवलंय, थोडं तरी टिकायला हवं.

पण मला सांगायचंय ते कागदांच्या आधीचं. अंधार झाला. आम्ही मागे बसलो होतो, मावशी साध्या चपलेत. आमच्या पुढच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर एक जाडजूड गृहस्थ होता. पाय लांब करून वाटेत पसरलेले, शेजारच्या खुर्चीवर स्वतःची बॅग. बाजूच्या स्पीकरमधून मावशीची पावलं आली. जड, हलकं, घासलं. डबा वाजला. हुश्श झालं. आणि त्या माणसाने पाय आत घेतले, शेजारच्या खुर्चीवरची बॅग उचलून मांडीवर घेतली आणि मान वळवून वाटेकडे पाहिलं, कोण बिचारी उशिरा आली म्हणून. वाटेत कोणी नव्हतं. तेवढ्यात पडद्यावर दिवा लागला आणि ती बाई कुलूप उघडताना दिसली. तो स्वतःशीच हसला.

मावशीने माझं मनगट धरलं. तिच्या बोटांना अजून कांद्याचा वास होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “बघितलंस? जागा केली मला.”

त्या माणसाने सिनेमा संपेपर्यंत बॅग मांडीवरच ठेवली होती आणि शेजारची खुर्ची रिकामीच राहिली.